महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी डिजिटल कॅमेरा : परवडणारा आणि कोकणच्या हवेत टिकणारा

बारावीचा निकाल लागतो तेव्हा रत्नागिरीत हापूसचा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि पावसाचे वेध लागलेले असतात. रत्नागिरीत मुख्यालय असलेले कोकण विभागीय मंडळ या निकालात अनेक वर्षे राज्यात अग्रस्थानी राहिले आहे. निकालानंतर घराघरांत पुढच्या शिक्षणाचे बेत आखले जातात. कोणी गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात प्रवेश घेतो, कोणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, कोणी देवरुख किंवा सावर्डे येथील कला महाविद्यालयात, तर कोणी कोकण रेल्वेने मुंबई गाठतो किंवा घाट चढून पुणे-कोल्हापूरला जातो. शुल्क, वसतिगृह आणि पुस्तके यांच्या यादीत अनेक घरांत आणखी एका वस्तूची भर पडते, ती म्हणजे डिजिटल कॅमेरा.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही खरेदी लहान नाही. एका सत्राच्या खानावळीइतका किंवा त्याहूनही अधिक पैसा तिच्यात जातो. शिवाय मे-जूनमध्ये घेतलेला कॅमेरा नेमका त्याला सर्वांत प्रतिकूल अशा ऋतूच्या तोंडावर घरात येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणूनच 'कोणत्या कॅमेऱ्याला मेगापिक्सेल जास्त?' हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षी कोणता कॅमेरा चालू स्थितीत असेल, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

प्रथम गरज तपासावी

ज्यांच्या घरी एकेकाळी 'अॅग्फा क्लिक थ्री' होता, त्यांना एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत आणि प्रत्येक छायाचित्र विचार करून घ्यावे लागे, हे आठवत असेल. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे आणि छायाचित्राला वेगळा खर्च येत नाही. याचा परिणाम कॅमेरा उद्योगावरही झाला. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते. २०२४ मध्ये हा आकडा ८५ लाखांच्या आसपास होता. कमी किमतीचे साधे कॅमेरे बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले ते याच काळात.

त्यामुळे वर्गातील फळ्याचे, टिपणांचे किंवा मित्रमंडळींचे छायाचित्र काढणे एवढीच गरज असेल, तर वेगळा कॅमेरा घेण्याचे कारण नाही. मोबाइलला पेलत नाही अशी कामे मात्र निश्चित आहेत. दूरचा पक्षी किंवा खाडीपलीकडची होडी जवळ आणून टिपणे, माशाच्या खवल्यांचे किंवा कीटकाचे अगदी जवळून स्पष्ट चित्र घेणे, शटरचा वेग व भिंगाचे छिद्र स्वतः ठरवून छायाचित्रण शिकणे आणि भर पावसात किंवा पाण्यात काम करणे, ही त्यांची उदाहरणे होत.

विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम यांपैकी काय मागतो, हे प्रवेशानंतर विभागातील प्राध्यापकांना किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे आणि मगच खरेदी करावी. काही विभागांत विद्यार्थ्यांना वापरण्यासाठी कॅमेरे उपलब्ध असतात. पहिल्या सत्रापर्यंत थांबल्याने नुकसान होत नाही. उलट चुकीची खरेदी टळते.

कोकणच्या हवेतील तीन शत्रू

कोरड्या प्रदेशात दहा वर्षे टिकणारा कॅमेरा किनारपट्टीवर दोन पावसाळ्यांत निकामी होऊ शकतो. त्यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण बुरशी. हवेतील सापेक्ष आर्द्रता सातत्याने ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली, की भिंगावरील सूक्ष्म बीजाणू रुजू लागतात. पावसाळ्यात रत्नागिरीची आर्द्रता यापेक्षा कितीतरी अधिक असते. सुरुवातीला भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. पुढे या बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप कोरतात. तो डाग मग साफसफाई करूनही जात नाही.

दुसरे कारण खारी हवा. मांडवी, भाट्ये किंवा मिऱ्या येथे वाऱ्याबरोबर येणारे समुद्राचे सूक्ष्म तुषार कॅमेऱ्याच्या अंगावर बसतात. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतो. हा क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो आणि बॅटरीचे संपर्कबिंदू, स्क्रू व फ्लॅशची बैठक गंजवतो.

तिसरे कारण जांभ्याची लाल धूळ आणि किनाऱ्यावरची वाळू. साध्या छोट्या कॅमेऱ्यात सुरू करताच बाहेर येणारी भिंगाची नळी असते. तिच्या सांध्यात वाळूचा एक कण अडकला तरी नळी अर्ध्यावर थांबते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' झळकते. अशा कॅमेऱ्यांतील हा नेहमीचा बिघाड आहे आणि दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या उरलेल्या किमतीपेक्षा अधिक होतो.

टिकाऊ कॅमेरा निवडताना बांधणी पाहायची ती या तीन कसोट्यांवर.

आकड्यांचा अर्थ

जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. ए-४ आकाराचे उत्तम प्रतीचे छापील चित्र काढण्यासाठी, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. प्रकल्पाचा अहवाल, भित्तिपत्रक किंवा महाविद्यालयाचे नियतकालिक यांसाठी १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेसा ठरतो.

त्याहून महत्त्वाचा आहे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार. छोट्या कॅमेऱ्यांत सामान्यतः आढळणाऱ्या '१/२.३ इंच' सेन्सरचे क्षेत्रफळ अवघे २८ चौरस मिलिमीटर असते. 'एक इंची' सेन्सरचे ते ११६, 'एपीएस-सी' प्रकारात ३३० ते ३७० आणि 'फुल फ्रेम'मध्ये ८६४ चौरस मिलिमीटर भरते. सेन्सर जितका मोठा, तितका अधिक प्रकाश गोळा होतो आणि ढगाळ हवेत किंवा सभागृहात काढलेले चित्र तितके स्वच्छ येते. आषाढातील अंधाऱ्या दुपारी हा फरक सहज जाणवतो. भिंगाच्या छिद्राचा आकडाही याच कारणासाठी पाहावा. एफ/२ चे भिंग एफ/४ च्या चौपट प्रकाश आत घेते.

'झूम'चे दोन प्रकार असतात. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकून दृश्य खरोखर जवळ येते. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो, त्यामुळे तपशील वाढत नाही. खरेदीच्या वेळी फक्त ऑप्टिकल झूमचा आकडा विचारात घ्यावा.

पाण्यापासून संरक्षणाचा निर्देश 'आयपी' या अक्षरांनंतरच्या दोन अंकांनी केला जातो. पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. धुळीचा सर्वोच्च अंक ६ आहे, तर पाण्याच्या बाबतीत ८ म्हणजे पाण्यात सतत बुडवून ठेवण्याची क्षमता. मात्र या चाचण्या गोड्या पाण्यात आणि नव्या वस्तूवर होतात. झाकणाचे रबर जुने झाले किंवा त्यावर केस वा वाळूचा कण राहिला, तर आकड्याला अर्थ उरत नाही.

कोणासाठी कोणता प्रकार?

क्षेत्रभेटी, खाडी, बंदर आणि पाऊस यांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने 'टफ' किंवा 'रगेड' म्हणून ओळखले जाणारे जलरोधक कॅमेरे पाहावेत. यांत भिंगाची नळी बाहेर येत नाही, झूमची सारी हालचाल आतच होते. त्यामुळे वाळू आणि धूळ शिरण्याची मुख्य वाट बंद होते. 'ओएम सिस्टिम टीजी-७' हा २०२३ मध्ये आलेला कॅमेरा १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि २.१ मीटरवरून पडल्यास टिकेल असा बांधलेला आहे. त्यात १२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि एफ/२ पासून सुरू होणारे भिंग आहे. अगदी जवळून चित्र घेण्याची सोय ही त्याची खासियत आहे. मिरकरवाड्यातील मासळीचे नमुने किंवा खडकांतील सागरी जीव टिपणाऱ्याला ती उपयोगी पडते. 'कोडॅक पिक्सप्रो डब्ल्यूपीझेड २' हाही १५ मीटरपर्यंत चालणारा, तुलनेने स्वस्त पर्याय आहे. दोन्हींत सेन्सर लहान असल्याने मंद प्रकाशातील चित्र सामान्यच येते. हे कॅमेरे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून भारतातील वॉरंटी आहे की नाही, हे आधी तपासावे.

कला, पत्रकारिता किंवा छायाचित्रण शिकणाऱ्याला भिंग बदलता येणारा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. 'कॅनन ईओएस १५००डी' (२०१८) हा आरसा असलेला डीएसएलआर आणि 'कॅनन ईओएस आर१००' (२०२३) हा बिनआरशाचा कॅमेरा ही या गटाची प्राथमिक उदाहरणे होत. यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा आहे, सर्व नियंत्रणे हाताने ठरवता येतात आणि पुढे भिंगांची भर घालता येते. पण या श्रेणीतील कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते, हे विसरू नये. पावसात ते झाकूनच वापरावे लागतात.

पक्षी-निरीक्षणाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला 'ब्रिज' प्रकारातील, मोठा झूम असलेला कॅमेरा भुरळ घालतो. एकच भिंग कायम जोडलेले असल्याने सेन्सरवर धूळ बसण्याचा धोका कमी असतो. मात्र बाहेर सरकणारी मोठी नळी किनाऱ्यावर जपावी लागते.

केवळ स्वस्त म्हणून अनोळखी नावाचे, प्रचंड मेगापिक्सेल सांगणारे छोटे कॅमेरे घेणे टाळावे. त्यांतील मोठे आकडे बहुधा लहान चित्र फुगवून मिळवलेले असतात आणि दुरुस्तीची सोय नसते.

जुना कॅमेरा घेताना

अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर वापरलेला चांगला डीएसएलआर हा अनेकदा नव्या सामान्य कॅमेऱ्यापेक्षा शहाणपणाचा पर्याय ठरतो. 'निकॉन डी३५००' (२०१८) सारखे कॅमेरे आता नव्याने बनत नाहीत, पण जुन्या बाजारात मिळतात. या कॅमेऱ्याच्या शटरची अपेक्षित क्षमता एक लाख छायाचित्रांची आहे. आतापर्यंत शटर किती वेळा चालले, हा आकडा छायाचित्राच्या फाइलमधील नोंदीवरून पाहता येतो. वीस-तीस हजारांचा आकडा असेल, तर कॅमेऱ्याचे बरेच आयुष्य शिल्लक आहे असे समजावे.

किनारपट्टीवर वापरलेला कॅमेरा मात्र विशेष बारकाईने तपासला पाहिजे. भिंग काढून त्यातून मोबाइलच्या विजेरीचा झोत तिरका सोडावा; बुरशीचे धागे असतील तर लगेच दिसतात. भिंगाचे छिद्र एफ/१६ वर आणून पांढऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे चित्र घ्यावे. सेन्सरवरचे डाग त्यात काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना, बॅटरी फुगलेली नाही ना, झूम व फोकसची हालचाल अडखळत नाही ना आणि फ्लॅश चालतो ना, हे समोरासमोर पाहावे. 'बुरशी आहे, पण चित्रात दिसत नाही' या समजुतीवर विसंबू नये. ती पुढच्या पावसाळ्यात वाढणारच असते.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कंपनी आज या व्यवसायात आहे का? कॅसिओने २०१८ मध्ये साध्या डिजिटल कॅमेऱ्यांचा व्यवसाय थांबवला. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या स्वतंत्र कंपनीकडे गेला. दुसरी, बॅटरी सहज मिळते का? कॅननची 'एलपी-ई१०' बॅटरी २०११ च्या ११००डीपासून २०१८ च्या १५००डीपर्यंत अनेक कॅमेऱ्यांत चालते, म्हणून ती आजही मिळते. तिसरी, मेमरी कार्ड कोणते लागते? अलीकडे तरुणांत लोकप्रिय झालेल्या २००० ते २०१० च्या काळातील छोट्या कॅमेऱ्यांपैकी काहींना 'एक्सडी' कार्ड लागते, जे आता बनत नाही. काहींत २ जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड चालतच नाही.

जुनी भिंगे घेतानाही सावध राहावे. निकॉनच्या डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या 'एएफ' भिंगांचा फोकस त्यांवर हातानेच साधावा लागतो.

दुकानातील व्यवहार

ठरवलेली सर्व रक्कम कॅमेऱ्यावर खर्च करू नये. तीस हजारांचे अंदाजपत्रक असेल, तर त्यातील तीन-चार हजार दुसरी बॅटरी, चांगल्या कंपनीचे मेमरी कार्ड, पावसाचे आवरण आणि हवाबंद डबा यांसाठी राखून ठेवावेत. या वस्तूंवाचून कॅमेरा घेणे म्हणजे पन्हळीशिवाय घर बांधण्यासारखे आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. 'बिल नको, कर वाचेल' असे सुचवणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये. पक्के बिल नसेल, तर वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क या दोन्हींवर पाणी सोडावे लागते. बिलावर कॅमेऱ्याचा व भिंगाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, वॉरंटी कार्ड भारतातील अधिकृत वितरकाचे आहे याची खात्री करावी आणि जवळचे सेवा केंद्र कोठे आहे, हे विचारावे. ते मुंबईत किंवा पुण्यात असेल, तर पाठवणीचा खर्च व वेळ गृहीत धरावा. पाणी शिरल्याने झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींत धरले जात नाही. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असल्याचे पाहावे. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

निगा : टिकाऊपणाचा अर्धा भाग

कॅमेऱ्याचे आयुष्य बांधणीइतकेच ठेवणीवरही अवलंबून असते. पावसाळ्यात तो कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नये, कारण पिशवी ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक एवढी व्यवस्था पुरते. मापकाचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. नारिंगी रंगाचे जेल ओल शोषून हिरवे पडले, की वाळवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते खाद्यपदार्थांपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावे. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर डब्यात ठेवू नये, कारण त्यांच्या वाफेने भिंग व प्लॅस्टिक खराब होते. तांदळात कॅमेरा पुरणेही अयोग्य, कारण पिठूळ धूळ फटींत शिरते.

समुद्रावरून परतल्यावर साध्या कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. जलरोधक कॅमेरा झाकणे बंद ठेवून काही वेळ गोड्या पाण्यात बुडवावा, म्हणजे क्षार निघून जातो. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताच कॅमेरा बाहेर काढला, तर भिंगावर आत-बाहेर बाष्प धरते. त्यासाठी तो पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा. कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी वापरला जावा. उजेड आणि हालचाल बुरशीला मानवत नाही.

छायाचित्रांची जपणूक हाही याच निगेचा भाग आहे. कॅमेरा पुन्हा घेता येतो, पण एका मोसमात केलेल्या निरीक्षणांची चित्रे पुन्हा घेता येत नाहीत. क्षेत्रभेटीहून परतल्यावर त्याच रात्री चित्रे दोन ठिकाणी उतरवून ठेवावीत आणि त्यानंतरच कार्ड रिकामे करावे.

जिल्हाच प्रयोगशाळा

रत्नागिरी जिल्ह्यात कॅमेऱ्याला काम कमी नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. ही शिल्पे भर दुपारी सपाट व पुसट दिसतात. सकाळच्या किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात खोदरेषांत सावली भरते आणि तेव्हाच त्यांचे आकार उठून येतात. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्ले टिपताना फ्लॅश वापरायचा नसतो. पावसाळा संपताना सड्यांवर उमलणारी इवली फुले जमिनीलगत झोपून टिपावी लागतात. प्रकाशाची वेळ ओळखणे, संयम ठेवणे आणि विषयाला इजा न करणे ही कौशल्ये कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाहीत.

म्हणून पालकांनी व विद्यार्थ्यांनी खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी अभ्यासक्रमाची गरज, मग हवेला तोंड देणारी बांधणी, त्यानंतर बॅटरी व दुरुस्तीची सोय आणि सर्वांत शेवटी मेगापिक्सेल. या क्रमाने घेतलेला साधा कॅमेरा तीन पावसाळे पाहूनही पदवीच्या अखेरच्या प्रकल्पाला साथ देईल. केवळ जाहिरातीतील आकड्यावर भाळून घेतलेला महागडा कॅमेरा मात्र पहिल्याच गणेशोत्सवापर्यंत कपाटात बुरशी धरून बसण्याची शक्यता अधिक.